दुर्जनांचे दप्तर

शनिवारी संध्याकाळी मंडळी जमायची असली म्हणजे आदल्या रात्री, घरात निजानीज झाल्यावर, मी एक जाड वही पुढे ओढून नावे लिहीत बसतो. घाटाखालचा लोहार आणि त्याची बहिरी आई, मिठागरावरचा मुकादम, देवळाच्या ओवरीत पोरांना धुळाक्षरे शिकवणारा पंतोजी, नदीच्या उतारावर होडी चालवणारी भिवरा नावाची विधवा, वेशीवर रात्रभर जागणारा आणि दिवसा कोणाच्याही ओट्यावर झोपणारा रखवालदार अशी ती नावे असतात, आणि प्रत्येकापुढे एकेका ओळीत मी त्या माणसाला जगात काय हवे आहे तेवढे टिपून ठेवतो. लोहाराला चांगला कोळसा हवा असतो, मुकादमाला मुलीसाठी स्थळ हवे असते, रखवालदाराला कोणीतरी आपले नाव घेऊन हाक मारावी एवढेच हवे असते. ही माणसे कोठेही नांदत नाहीत. परंतु उद्या दिवेलागणीनंतर माझ्या सोबत्यांच्या हुकुमाने ह्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरावर जप्ती येणार आहे, कोणाच्या तरी पायांत बेड्या पडणार आहेत, हे मला ठाऊक असते, आणि म्हणून ती नावे लिहिताना हात सावकाश चालतो.

जो खेळ आम्ही खेळतो त्याचा पसारा थोडका आहे. एक मेज, काही कागद, शिसपेन्सिली, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे, आणि बाकी सारे बोलणे. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, त्याच्या मुखाने बोलतो, त्याच्या वतीने निर्णय करतो. आणि सूत्रधार म्हणून बसलेला माणूस उरलेले सारे जग, म्हणजे पाऊस, वाटा, बाजारभाव, शत्रू, मित्र आणि देव, आपल्या वाणीने उभे करतो. एखादी कृती सिद्धीस जाईल की नाही ह्याचा संशय असेल तेथे फासा टाकावा, एरवी संभाषण चालू ठेवावे, असा त्याचा मूळ शिरस्ता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातून तीन पुस्तिकांच्या पेटीच्या रूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्या आवृत्तीत अवघ्या १००० पेट्या निघाल्या होत्या. आज पुण्यातील एका जुन्या इमारतीत, जिन्यावर ओल्या छत्र्या ठिबकत असताना, त्याच कुळातले फासे आमच्या मेजावर खडखडतात.

ह्या खेळाच्या नित्याच्या रीतीत दुष्टपणा ही सूत्रधाराची मिरास असते. राक्षस, चेटके, लुटारू आणि जुलमी राजे त्याने निर्माण करावेत आणि खेळाडूंनी पराक्रम करून त्यांचा निःपात करावा. आमच्या चालू मोहिमेत ही वाटणी उलटी केलेली आहे. माझे चौघे सोबती एका निर्दय मांत्रिक राजाचे अधिकारी आहेत: एक दिवाण, एक सेनापती, एक हेरखात्याची प्रमुख आणि एक विषवैद्य. खारवट किनाऱ्यालगतचा मुलूख जिंकून झालेला आहे. आता तो ताब्यात ठेवायचा आहे.

खेळाडूने दुर्जनाचे पात्र घ्यावे ही कल्पना अलीकडची, बिघडलेल्या काळाची, असे मानण्याचे कारण नाही. ह्या खेळाचे मूळ शोधीत मागे गेले तर प्रशियाच्या लष्करापर्यंत जावे लागते, जेथे राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि दोन सैन्यांच्या मध्ये एक निःपक्षपाती पंच बसवला. दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकावेत आणि रणांगणावर प्रत्यक्ष काय घडले ते सांगावे, हे त्या पंचाचे काम. तो पंच माझा पूर्वज. पुढे १९६९ साली मिनेसोटात डेव्हिड वेझली ह्यांनी ब्राउनस्टाइन नावाच्या एका कल्पित जर्मन नगराचा खेळ मांडताना पलटणींच्या ऐवजी एकेका खेळाडूला एकेक माणूस वाटून दिला, आणि त्याच मंडळींतल्या आर्नेसन ह्यांनी मग 'ब्लॅकमूर' नावाचा आपला मुलूख वसवला. त्या ब्लॅकमूरमध्ये एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच बनले, त्याचे नाव सर फँग. त्याचे बळ इतके वाढत गेले की त्याला आवर घालण्यासाठी दुसऱ्या एका खेळाडूला मंत्रसामर्थ्य असलेल्या धर्मगुरूची भूमिका देण्यात आली, आणि छापील नियमांत पुरोहिताचा जो वर्ग आला त्याचे बीज तेथले, असे त्या जुन्या मंडळींच्या आठवणींत सांगितलेले आहे. जखमा बऱ्या करणारा तो सौम्य पुरोहित आज कोणत्याही देशातील खेळाडूंना आपल्या टोळीत हवासा वाटतो. तो एका मित्राच्या दुष्टपणाला उत्तर म्हणून जन्माला आला, ह्या गोष्टीपाशी माझे मन पुन्हा पुन्हा जाऊन थांबते.

१९७४ च्या त्या पुस्तिकांत जगातील प्राण्यांची तीन रकान्यांत विभागणी केलेली आहे: व्यवस्थेच्या बाजूचे, तटस्थ, आणि अव्यवस्थेच्या बाजूचे. एकशिंगी घोडा पहिल्या रकान्यात आहे, पिशाचे तिसऱ्यात आहेत, आणि माणूस तिन्ही रकान्यांत नोंदलेला आहे. पुढच्या आवृत्त्यांत सुष्ट-दुष्टतेचा आणखी एक अक्ष जोडून नऊ घरांचा रेखीव तक्ता तयार झाला व तोच सर्वतोमुखी झाला. पण मला ती पहिली, काहीशी अर्धवट यादीच अधिक प्रामाणिक वाटते.

मोहीम सुरू झाल्यावर प्रथम जाणवला तो कामाच्या वाटणीतला पालट. वीरपुरुष हा स्वभावतः वाट पाहणारा असतो. गावावर संकट येते, कोणी धापा टाकीत वर्दी घेऊन येतो, मग तो तलवार उचलतो. संकटच नसेल तर बिचारा खाणावळीत बसून राहतो. दुर्जनाला मात्र इच्छा असते. त्याला पलीकडचा किल्ला हवा असतो, मिठाचा मक्ता हवा असतो, शेजारच्या राणीचा अपमान करायचा असतो, आणि त्यासाठी तो कोणी न बोलावता पहाटे उठून कामाला लागतो. पूर्वी सारी कारस्थाने मी एकांतात रचीत असे. आता ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरात, चहाचे पेले बाजूला सारून रचली जातात, आणि मी ऐकणारा असतो. ज्यांच्यावर घाला पडायचा ती माणसे उभी करणे एवढेच माझ्या वाट्याला उरले आहे. मेजाभोवतीचे चौघेही एकाच सरकारचे नोकर आहेत. ज्यांच्यावर हुकूम बजावला जायचा त्यांच्या बाजूने तोंड उघडणारा तेथे मी एकटा.

हे काम मला वाटले होते त्याहून सूक्ष्म निघाले. केवळ सोसणारे, केवळ रडणारे गाव खेळाडूला दोन घटकांत परके होते. त्याच्यावर कितीही अन्याय झाला तरी तो दूरच्या देशातील दुष्काळाच्या वार्तेइतकाच मनाला लागतो. परंतु कोळशाच्या वजनात हमखास लबाडी करणारा लोहार, पोरांना छडी मारून मग त्यांनाच गूळ देणारा पंतोजी, सासूच्या वरताण खवचट बोलणारी मुकादमाची सून, ही माणसे त्यांच्या दोषांसह समोर आली की अधिकाऱ्यांचा हात किंचित अडखळतो. सद्गुणी माणसाला चिरडणे सोपे जाते, कारण तो आधीच अर्धा पुतळा झालेला असतो. म्हणून मी माझ्या गावकऱ्यांना कंजूषपणा देतो, भांडणे देतो, थट्टा करण्याची हौस देतो.

दुष्टपणाची सामग्री छापील पुस्तकांत पुष्कळ मिळते. २००२ साली मॉन्टी कुक ह्यांचे 'बुक ऑफ व्हाइल डार्कनेस' निघाले. त्यात यातनांची साधने, नरकाचे अधिपती, शापित मंत्र ह्यांचा मोठा संग्रह आहे आणि ते प्रौढांसाठी आहे अशी सूचनाही त्यावर छापलेली होती. मी ते मन लावून वाचले आणि कपाटात ठेवून दिले, कारण आमच्या मेजावर जो दुष्टपणा अवतरला त्याच्या हातात चाबूक नव्हता, लेखणी होती. दिवाणाची भूमिका करणारा माझा मित्र व्यवसायाने हिशेबतपासनीस आहे. सत्ता हाती येताच त्याने कोणालाही सुळावर चढवले नाही. त्याने गावाची खानेसुमारी मागितली. घरे किती, कष्टाची माणसे किती, गुरे किती, होड्या किती, मिठाच्या राशी किती. मी माझ्या वहीतून वाचीत गेलो, तो आपल्या कागदावर आकडे मांडीत गेला, आणि पाहता पाहता माझे सगळे गाव त्याच्या कागदावर उतरले. फक्त नावे गळून पडली होती. भिवरा 'होडी, १' एवढ्यात मावली होती. त्याच्या मनात कसलेही क्रौर्य नव्हते. राज्याला मीठ हवे होते, मीठ वाहायला होड्या हव्या होत्या, आणि बेरीज बरोबर होती. इतक्या वर्षांत मी ह्या मेजावर पुष्कळ राक्षस आणले, पण त्या नीटस रकान्यांकडे पाहताना जे भय मला वाटले ते त्यांच्यापैकी एकाही राक्षसाने मला दिले नव्हते.

दुर्जनांचा खेळ मांडणाऱ्याने आधी कुंपण घालावे, असे माझे ठाम मत आहे. मोहिमेच्या आरंभी आम्ही एक सबंध बैठक फाशांना हात न लावता केवळ ह्या विचारात घालवली की कोणत्या गोष्टी आपल्या कथेत मुळीच येणार नाहीत आणि कोणत्या घडल्या तरी पडद्याआड ठेवायच्या. रेषा आणि पडदे अशी ही विभागणी रॉन एडवर्ड्स ह्या खेळकर्त्याने सुचवली होती. मुलांच्या यातनांना आणि स्त्रीवरील बलात्काराला आमच्या कथेत प्रवेश नाही. शिवाय मेजाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड ठेवलेले असते. जॉन स्टॅव्रोपोलस ह्यांनी प्रसृत केलेली ही योजना अशी की कोणीही त्या कार्डावर बोट टेकवले तर चालू प्रसंग तेथल्या तेथे थांबतो, आणि कारण विचारण्याचा अधिकार कोणालाही नसतो. एकदा तळघरातील एका कैद्याच्या तहानेचे वर्णन मी करीत असताना हेरप्रमुखाची भूमिका करणाऱ्या मैत्रिणीने त्या कार्डावर बोट ठेवले. मी वाक्य अर्धे सोडले आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून कथा पुढे नेली. तिने कारण सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. खऱ्या कैद्याजवळ असे कार्ड नसते, एवढा एक विचार मात्र त्या रात्री सगळ्यांच्याच मनात येऊन गेला असावा.

होड्या जप्त करण्याचा हुकूम निघाला तेव्हा तो बजावायला सेनापती स्वतः नदीवर गेला. ही भूमिका करणारा मित्र अंगापिंडाने आडदांड आणि आवाजाने त्याहून मोठा. मेजावर मूठ आपटून तो म्हणाला, "म्हातारे, होडी राजाची झाली. बाजूला हो." तिने रडावे, पाय धरावेत, नाही तर शाप द्यावा, हे त्याने गृहीत धरलेले होते आणि त्या प्रत्येकाला त्याच्याजवळ उत्तर तयार होते. पण माझ्या वहीत भिवरेच्या नावापुढे 'होडीचे कर्ज नवऱ्यामागे हिनेच फेडले' अशी ओळ होती, आणि जिने सावकाराच्या ओटीवर वर्षानुवर्षे हिशेब समजून घेतलेला आहे ती बाई शाप देत बसणार नाही. ती म्हणाली, "न्या, सरकार. पण पावती द्या."

"कसली पावती?"

"होडी नेल्याची. कोणी नेली, कधी नेली, परत कधी मिळणार."

"परत? राजाची झाली म्हटलं ना!"

"मग राजाच्या घरी लिहिणारे असतीलच की, सरकार."

सेनापतीने दिवाणाकडे पाहिले. दिवाण, खऱ्या आयुष्यातल्या सवयीने, मान न उचलता म्हणाला, "दे की रे. नोंद तर लागणारच आहे." मग त्या धिप्पाड माणसाने शेजारचे कागद उचलून खरोखरीच पावती लिहिली: होडी १, वल्ही २, डोलकाठी १, सरकारी कामासाठी नेली, पावसाळा सरल्यावर परत, आणि खाली आपल्या पात्राची वळणदार सही केली. तो कागद मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

त्या प्रसंगाचा अर्थ मी अनेक अंगांनी लावून पाहिला. दयेची याचना झाली असती तर सेनापती मोठा झाला असता, कारण दया करणे किंवा नाकारणे ह्या दोहोंत स्वामित्वाचाच भोग असतो. पावती मागणाऱ्या बाईने त्याला अधिकारी मानले, आणि अधिकारी म्हटला की त्याच्यावर काही बंधन आलेच. तिने त्याच्यातल्या चांगुलपणाला हाक मारलीच नाही. तसा चांगुलपणा तेथे असेल अशी तिची समजूत नव्हती, आणि ती नसतानाही बोलण्यासारखे काही उरते हे तिला ठाऊक होते. ते ठाऊक असणे मला सुचले कसे, ह्याचे उत्तर मला देता येत नाही. ते बहुधा माझे नव्हतेच. आपल्या खेड्यापाड्यांत कचेरीच्या पायरीवर कागदाची घडी जपून उभ्या राहिलेल्या बायका आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत.

दुर्जनाच्या अंतःकरणाचे मोजमाप करण्याचे प्रयत्न ह्या खेळाच्या कर्त्यांनी नाना प्रकारे केले आहेत. मार्क राइन-हेगन ह्यांच्या १९९१ सालच्या 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड' मध्ये प्रत्येक पिशाचाजवळ माणुसकीची दहा पायऱ्यांची एक शिडी असते, दुष्कृत्यांनी तो एकेक पायरी उतरत जातो आणि शून्यावर पोचला की ते पात्र खेळाडूच्या हातून काढून सूत्रधाराच्या स्वाधीन केले जाते. पूर्ण दुष्ट झालेल्या माणसाला स्वतःची इच्छा उरत नाही, हे तत्त्व त्यात आहे, आणि ते भव्य आहे. पण मला त्याहून हृद्य वाटतो तो 'माय लाइफ विथ मास्टर' हा २००३ सालचा छोटासा खेळ. त्यात १८०५ च्या सुमाराच्या युरोपातील एका गावात एक भयंकर धनी राहतो आणि खेळाडू त्याचे विद्रूप, दीनवाणे चाकर असतात. चाकराजवळ आत्मतिरस्कार, थकवा आणि प्रेम एवढीच भांडवले. गावातल्या कोणाशी तरी त्याने जीव लावण्याचा यत्न केला आणि तो फसला, तर त्याचा आत्मतिरस्कार वाढतो. परंतु यत्न फसो वा साधो, प्रेम एका अंकाने वाढतेच. आणि ज्या दिवशी ते प्रेम धन्याच्या भयाहून व स्वतःच्या थकव्याहून, दोन्हींच्या बेरजेहून, अधिक भरते, त्या दिवशी तो हुकूम मोडू शकतो व धन्याचा शेवट जवळ येतो. फसलेल्या प्रेमालाही जमेच्या बाजूला मांडणारा हा नियम ज्याला सुचला त्याने माणसाला जवळून पाहिले असले पाहिजे.

आपल्या वाङ्मयात प्रतिनायकाची लक्षणे फार पूर्वी ठरून गेली: तो लोभी असावा, उद्धत असावा, हट्टी आणि व्यसनी असावा, असे 'दशरूपक'कार धनंजय सांगतो. आणि तरीही भासाच्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडून भूमीवर पडलेला दुर्योधन आपल्या दुर्जय नावाच्या लहानग्याला मांडीवर घेऊ शकत नाही तेव्हा प्रेक्षक ती लक्षणे विसरून जातो. पण भासाने आपला दुर्योधन युद्ध संपल्यावर, गदा हातून गळल्यावर आपल्या पुढे आणला. पराभवाने प्रत्येकाला थोडेसे माणूसपण परत मिळते. माझे दुर्योधन अजून सभेत बसलेले आहेत, त्यांची पाळेमुळे घट्ट आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी संवाद लिहून ठेवलेले नाहीत. शुक्रवारी रात्री मला जेवढे ठाऊक असते तेवढेच शनिवारी त्यांनाही.

कथेतला पावसाळा सरला आणि भिवरा कचेरीत आली. पावतीची आठवण अधिकाऱ्यांपैकी कोणालाही राहिली नव्हती. मी वही उघडून ती मोठ्याने वाचून दाखवली. हेरप्रमुख म्हणाली, जाळून टाका. दिवाण म्हणाला, मुदत वाढवून द्या, जाळण्याची गरज नाही. विषवैद्याने बाईची प्रकृती कशी काय आहे अशी चौकशी केली, तिचा अर्थ सर्वांना कळला. सेनापती बराच वेळ आपल्याच अक्षराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सही माझी आहे." होडी परत गेली. त्याच बैठकीत त्याने डोंगरातील बंडखोरांची धान्याची पेवे जाळली, आणि ते करताना त्याचा आवाज जराही बदलला नाही. तेव्हा ह्याला हृदयपालट म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची मला घाईही नाही. दुर्जनाचा सज्जन झाला म्हणजे कथा संपते आणि ऐकणाऱ्यांना बरे वाटते. हा माणूस पेवे जाळतो आणि पावती पाळतो, आणि ह्या दोन कृत्यांना जोडणारा सांधा कोठे आहे ते त्यालाही सांगता येत नाही. त्यानंतर मात्र गावात पावत्या मागण्याची रीत पडली. लोहाराने मागितली, मुकादमाने मागितली. दिवाणाला दप्तर ठेवावे लागले, आणि दप्तरात नाव लिहिल्यावाचून भागत नाही.

आता वीर आले आहेत. त्यांना यायचेच होते. अंधाऱ्या राज्याची कीर्ती दूरवर पसरली की चौघेजण, चमकती शस्त्रे आणि चांगले घोडे घेऊन, कोठून तरी निघतातच. ह्या खेळात इतकी वर्षे आम्ही स्वतः तेच होतो, त्यामुळे त्यांचे वर्णन करताना मला कल्पनेला ताण द्यावा लागला नाही: ते शूर आहेत, उदार आहेत, त्यांना ह्या मुलखातील एकाही माणसाचे नाव ठाऊक नाही, आणि काम झाले की ते निघून जाणार आहेत. गेल्या बैठकीच्या अखेरीस ते नदीच्या पलीकडच्या तीरावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी होडीसाठी हाक मारली. ऐलतीरावर, उताराच्या वर, सेनापतीची चौकी आहे. वीर त्याच्याच मस्तकासाठी आलेले आहेत.

मंडळी उठली तरी वाद मिटला नाही. छत्र्या उघडीत, जिना उतरीत ते चौघे भिवरेने काय करावे ह्यावर बोलत राहिले. दिवाणाचे म्हणणे, तिने होडी घालू नये, वीर गेले की हिशेब तिच्याकडूनच चुकता होईल. हेरप्रमुखाने तिच्यावर पाळत ठेवण्याचा हुकूम जिन्यातच देऊन टाकला, आणि तो मी लिहून घेतला. सर्वांत मोठ्याने बोलत होता तो सेनापती, आणि त्याचे म्हणणे असे की तिने अवश्य होडी घालावी. त्या वीरांनी योग्य उतारूपैसा देऊ केला असेल तर नाही म्हणण्याचे तिला काय कारण, होडी तिची आहे. "पण तुला मारायला येतायत ते," दुसऱ्या कोणी तरी म्हटले. "ते मी बघीन," तो म्हणाला, "तिचा त्यात काय संबंध?" ह्या शनिवारी मला भिवरा होऊन उत्तर द्यायचे आहे. फाशावर ते सोपवायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.